कोणाला हरकत असल्यास

त्या डॉक्टरणीचा काही दोष नव्हता. लग्न ठरलेल्या पोरापोरींसमोर बोलायचंय, मोकळेपणानं बोला, असं फादरांनीच तिला सांगितलं असणार, आणि ती मोकळेपणानं बोलत होती. देवळात लग्न लावायचं तर आमच्याकडे आधी हे शिबिर करावंच लागतं, मग नवरी पंचविशीची असो की माझ्यासारखी सेहेचाळिशीची. सभागृहात सगळी कोवळी जोडपी एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, आणि पहिल्या बाकावर आम्ही दोघं, मी आणि ॲन्सेल्म, म्हणजे एक विधवा आणि एक विधुर. त्याच्या मनात मागे बसायचं होतं, पण तिसरीच्या पोरांना जन्मभर 'पुढे या, पुढे या' म्हणत आलेल्या बाईला मागे बसवत नाही. कुटुंबनियोजनाचा विषय निघाला तशी मागे खसखस पिकली. आमच्याकडे बघूनही कोणी हसलं असेल, हसू देत. ॲन्सेल्मचे कान लाल झाले होते, तरी तो परीक्षा असल्यासारखा ऐकत होता. आपल्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी करणारा माणूस तो. उन्हात मांडलेलं एकेक केळं वेळच्या वेळी पालटायचं, हे ज्याच्या अंगात भिनलंय त्याला कुठलीच गोष्ट अर्धवट करता येत नाही. त्यानं खिशातून पेपरमिंटची गोळी काढून बाकाखालून माझ्या हातात ठेवली. मला एकदम फार बरं वाटलं. ह्या वयात आपल्याला कोणी बाकाखालून गोळी देतं, ह्याचं मला अजून नवल वाटत होतं. मी ती तोंडात टाकली, आणि डॉक्टरीण म्हणाली, "लग्नाआधी दोघांनीही एचआयव्हीची तपासणी करून घ्या. कोणावर संशय म्हणून नव्हे. आणि ज्यांचं आधी लग्न झालेलं आहे, त्यांनी तर घ्याच." मग मागच्या कोणीतरी विचारलं, झालाय हे ओळखायचं कसं, तेव्हा ती म्हणाली, वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही, पण पुढे वजन उतरतं, रात्री घामानं कपडे भिजतात, खोकला जात नाही, टीबी होतो, तोंडात पांढरे चट्टे येतात. गोळी जिभेवर होती तिथंच राहिली.

सॅमीची जीभ मी ग्लिसरीनचा बोळा फिरवून पुसत असे. सॅमी माझा नवरा, त्याला जाऊन चार वर्षं झाली. मस्कतला एका मोठ्या हॉटेलात एसी दुरुस्त करायच्या कामावर होता, दोन वर्षांतून एकदा घरी यायचा, आणि शेवटचा आला तो खोकतच आला. विमानतळावरून बाहेर पडला तेव्हा मी त्याला शोधत होते आणि तो माझ्यासमोर उभा होता. इतका उतरला होता. मग सोपाऱ्याचे डॉक्टर झाले, वसईचे झाले, शेवटी मुंबईचं मोठं हॉस्पिटल, आणि तिथं टीबी म्हणाले. गावात आम्ही तेवढंही म्हणत नव्हतो. छातीत पाणी झालंय, असं सांगायचं ठरलं होतं, कोणी ठरवलं ते आठवत नाही, पण सगळे तेच सांगत. त्याच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे उठले होते. मी पुसायची, तो कळवळायचा आणि म्हणायचा, "हळू गं बाई, फळा नाहीये तो." नर्स म्हणाली होती की औषधांनी होतं असं, आणि मी ते मान्य केलं होतं, कारण नर्सवर अविश्वास का दाखवायचा? आता ह्या सभागृहात, पंखा गरगरत असताना, पेपरमिंटच्या थंडाव्यात मला ते ग्लिसरीन आठवलं. गोडसर, चिकट. वजन, घाम, खोकला, चट्टे. डॉक्टरीण एकेक बोट दुमडत मोजत होती आणि मी सॅमीचं एकेक दुखणं तिच्या बोटांवर ठेवत होते. एकही बोट रिकामं राहिलं नाही.

पुढचे दिवस मी जे केलं त्याला विचार करणं म्हणत नाहीत. तुळिंजच्या शाळेत पोरं पाढे म्हणत आणि मी मस्कतला असे. तीन साते एकवीस, आणि त्या वेळी व्हिडिओ कॉलवर मागून हसली ती कोण होती? तीन आठे चोवीस, आणि फोन रात्री उचलायचा नाही तो का? सॅमी एकदा सुट्टीवर आला असताना सोया सॉस आणि व्हिनेगर घालून कोंबडी करायला शिकून आला होता. आमच्या घरच्या तिखट इंदियालपेक्षा वेगळी, काळपट, आंबटगोड. "कॅन्टीनमध्ये फिलिपाइन्सची एक बाई आहे, ती करते," म्हणाला होता. मी दोनदा वाढून घेतली होती. बोटं चाटली होती! आता ती चव मला रिक्षात, गॅदरिंगच्या तालमीत, कुठेही आठवायची. कुठल्या बाईनं? किती वेळा करून वाढली? तुला एसी दुरुस्त करायला पाठवलं होतं की स्वयंपाक शिकायला? मेलेल्या माणसाशी भांडण्याचा एक तोटा असा की तो उलट बोलत नाही. जिवंत असता तर सॅमी बोलला असता, त्याचं तोंड कधी बंद नसे, आणि मी त्याच्या बोलण्यात फट शोधून तिथं बोट घातलं असतं. आता नुसतीच भिंत. दर सोमवारी शाळेतून येताना मी त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, ती त्या सोमवारी लावली नाही. रिक्षा देवळावरून गेली तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत बसले. मोबाइल बंद होता.

आणि ॲन्सेल्म. त्याला मी काय सांगणार होते? हा सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि मी त्याच्या आजूबाजूनं फिरत होते. सॅमीनं मला काय दिलं असेल ते असेल, पण ते मी ह्या माणसाला द्यायचं? त्याची पहिली बायको कॅन्सरनं गेली, तिला त्यानं तीन पावसाळे उचलून न्हाणीत नेलं होतं. त्याच्या नशिबात पुन्हा तेच? औषधं आहेत, त्या औषधांवर माणसं नीट जगतात, लग्नं करतात, त्यांना निरोगी पोरं होतात, हेही त्या डॉक्टरणीनं सांगितलं होतं. सांगितलं होतं आणि मी ऐकलंही होतं. पण ऐकलेलं सगळं भीतीच्या वेळी कामाला येतंच असं नाही. बुधवारी तो नवी सुकेळी घेऊन आला, केळीच्या सोपट्यात बांधलेली, मधाच्या रंगाची. मी अर्धं खाऊन बशीत ठेवलं. बोलता बोलता त्यानं माझं उष्टं उचललं, तोंडाजवळ नेलं, आणि मी ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. उष्ट्यानं हा रोग होत नाही. शाळेत एकदा पालकसभेत मीच हे ठणकावून सांगितलं होतं, तक्त्यासकट. पण हात आधी गेला. "अगं, तुझं सुकेळं घरी पळवून नेत नव्हतो मी," असं काहीतरी तो म्हणाला आणि हसला, पण त्याचा चेहरा पडला होता. त्याला वाटलं असणार, हिला माझी किळस येते. मी त्याला तसं वाटू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं, आणि रात्रभर मला त्याचा पडलेला चेहरा दिसत राहिला.

आमची नावं देवळात दोनदा पुकारून झाली होती. लग्नाआधी तीन रविवार पुकारायची पद्धत आहे. मिस्सा संपत आली की फादर चष्मा लावतात, आणि अमुक गावचा अमुक व तमुक गावची तमुक विवाहबद्ध होऊ इच्छितात, असं वाचतात, आणि मग, "कोणाला हरकत असल्यास त्वरित कळवावं." लहानपणी आम्ही पोरी त्या वेळी मागे वळून बघायचो, कोणी उठतंय का. कधीच कोणी उठलं नाही. दुसऱ्या रविवारी, शिबिर आदल्याच दिवशी झालेलं, फादरांनी 'गासची कार्मिन, कैलासवासी' म्हणता म्हणता जीभ चावून 'दिवंगत सॅमी यांची पत्नी' म्हटलं, देऊळभर हसू पसरलं, आणि मग ते वाक्य आलं. कोणाला हरकत असल्यास. मी बाकाची कड घट्ट धरली. मला खरोखर वाटलं की मी उठणार. आहे, मला हरकत आहे, माझी मलाच हरकत आहे. शेजारी फेलिशियाबाय होती, सॅमीची थोरली बहीण. तिनं माझ्याकडे न बघताच माझ्या मांडीवर थोपटलं. तिला वाटलं मी सॅमीच्या आठवणीनं हलले. आठवणीनंच हलले होते म्हणा.

लॅबमध्ये का गेले नाही, असं कोणी विचारेल. सोपाऱ्यात अशी लॅब दाखवा जिथं माझा विद्यार्थी नाही. रक्त काढणारा म्हणणार, "टीचर, तुम्ही?" आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचणार, वाचायला मीच तर शिकवलंय. सरकारी केंद्रात सगळं गुप्त ठेवतात, मान्य, पण त्या दाराशी बसलेली कार्मिन कशी गुप्त ठेवणार? मी घरीच करायचा तो संच मागवला. पाकीट आलं ते अगदी साधं, मोजे असावेत असं. माझी मुलगी एलिसा पुण्याला नोकरीला, घरात मी एकटी, तरी मी ते कपाटात तिच्या जुन्या फ्रॉकांखाली लपवलं. शनिवारी शाळा अर्धा दिवस. उद्या नावं तिसऱ्यांदा पुकारणार होते. आज करायचं, आणि वाईट निघालं तर संध्याकाळी आधी ॲन्सेल्मला सांगायचं, मग फादरांना, म्हणजे उद्या वाचणारच नाहीत. असं मी ठरवलं.

दुपारी घरी आले, दार लावलं, हात साबणानं धुतले. संचाबरोबरचा कागद मराठीतही होता, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी त्या मनातल्या मनात सुधारल्या. माणूस मरणाच्या दारातही आपली सवय सोडत नसावा. बोट चोळा, टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा थेंब गोल खड्ड्यात सोडा, त्यावर बाटलीतलं द्रावण घाला, सपाट जागी ठेवा, पंधरा मिनिटांनी वाचा, वीसच्या पुढे वाचू नका. पट्टीवर दोन अक्षरं छापलेली, सी आणि टी. सीपाशी रेघ यायलाच हवी, ती आली म्हणजे चाचणी नीट झाली. टीपाशी रेघ आली, कितीही फिकी का असेना, तर पुढची तपासणी करा. सीपाशीच रेघ नसेल तर चाचणी फुकट गेली. म्हणजे एक रेघ बरी, दोन वाईट, एकही नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. मी डाव्या हाताची अनामिका घेतली. सॅमीची अंगठी ॲन्सेल्मनं विचारायच्याही आधी मी काढून ठेवली होती, पण बोटावर तिचं पांढरट वळं अजून होतं. टोचणीचं बटण दाबलं तर टच्च आवाज झाला आणि मीच ओरडले. दुखलं काहीच नाही. थेंब आला, गोल, गडद. हेच ते रक्त, आयुष्यभर अंगात फिरतंय आणि आपण त्याला एकदाही विचारलेलं नाही. थेंब सोडला, द्रावण सोडलं, आणि त्याच क्षणी बाहेर फाटकाची कडी वाजली आणि हाक आली, "कार्मिन! अगं हायस का?"

फेलिशियाबाय सांगितल्या वेळेच्या आधी येते, नेहमीच. ती शिवणकाम करते. लग्न ठरलं हे मी तिला भीतभीत सांगितलं होतं, भावाची बायको दुसरं लग्न करतेय म्हटल्यावर काय म्हणेल कोणास ठाऊक, तर ती एवढंच म्हणाली, "ब्लाऊज मी शिवनार. माझ्या भावाची बायको हायस, दुसऱ्या कोनाला माप दिलंस तर बघ." आता ती ब्लाऊज घेऊन दारात होती आणि माझ्या हातात ती पट्टी होती. सपाट जागा! ओट्यावर ठेवली तर ती पहिली स्वयंपाकघरातच जाते, भांड्यावरची झाकणं उघडून बघते. खोलीत ठेवली तर पलंगावर कापड पसरणार. उरला आमचा आल्तार. बैठकीच्या आतल्या कोपऱ्यात उंच फळीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यापुढे दिवसरात्र लाल बल्ब. मी पट्टी तसबिरीच्या पायाशी ठेवली, पुढे फुलदाणी सरकवली, कागद, टोचणी, डबा सगळं फ्रॉकांखाली कोंबलं आणि दार उघडलं. घड्याळाकडे बघितलं. देवाकडे बघायचं राहिलं.

"दार लावून काय करत व्हतीस? झोपलेलीस?" असं म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, झाकण उघडून बघितलं. "जेवली नाय अजून." मग मला खोलीत उभं करून तिनं कच्चं शिवलेलं ब्लाऊज अंगावर चढवलं. मलई रंगाचं रेशीम, थंडगार. टाचण्या तिनं ओठांत धरल्या. डावी मूठ मी बोट आत घेऊन मिटली होती. तिनं बगलेखाली कापड चिमटीत धरलं आणि ती चिमटी मोठी होत गेली. टाचण्या तोंडातून काढून म्हणाली, "अगं, ह्ये काय? मागच्या महिन्यात माप घेतलं, आनि आता बघ किती सैल. हाडं लागतात हाताला. खातेस का नाय?" मी म्हटलं, शाळेत काम आहे. "शाळेत काम कधी नव्हतं? नवरी हायस का उपास धरलेली म्हातारी? पोट आत ओढू नको. श्वास सोड. लग्नाच्या दिवशी जेवनार नाय का?" मी श्वास सोडला. वजन उतरतं. डॉक्टरणीचं पहिलं बोट. फेलिशियाबायच्या टेपचं टोक पाठीवरून फिरत होतं, आणि तिच्या अंगाला येतो तो खडूचा आणि खोबरेलाचा वास येत होता, सॅमीच्या उशीलाही हाच वास असायचा, लग्न झालं तेव्हा मी त्या घरात नवी होते आणि ह्याच बाईनं मला साडीला पिन लावायला शिकवलं होतं. हिला कसं सांगणार? तुझ्या भावानं मला काय दिलं बघ, असं? मी म्हटलं, "एक मिनिट, बाहेर जाऊन येते."

फुलदाणी बाजूला केली. पट्टीवर एकही रेघ नव्हती. मी डोळे बारीक करून बघितलं. सीपाशी काही नाही, टीपाशी काही नाही. नुसती कोरी खिडकी, तांबूस. म्हणजे फुकट गेलं! एवढं टोचून, एवढं ठरवून, काहीच नाही, हो नाही आणि नाही नाही. माझी वाईट निकालाची तयारी होती, चांगल्याची आशा होती, पण कोरी पाटी मी धरलीच नव्हती. उद्या सकाळी मिस्सा आहे, फादर चष्मा लावतील, नाव वाचतील, आणि मला काहीच ठाऊक नसेल. दुसरा संच यायला किती दिवस? तोवर काय सांगून थांबवू? मी तसबिरीकडे बघितलं. लाल उजेडात येशूचा चेहरा तांबडा, हृदय तांबडं, भिंत तांबडी, माझा हातही तांबडा. माझा हातही. शेजारी टॉवर उठतोय, भाताचं शेत होतं तिथं; त्याच्या धुळीसाठी आम्ही त्या बाजूच्या खिडक्या महिनोन्‌महिने लावून घेतलेल्या, जाड पडदे ओढलेले, आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यात बारा महिने तो एकच बल्ब. लाल बल्बाखाली लाल रेघ कशी दिसणार, बाई? तिसरीच्या पोरानं सांगितलं असतं. मी पट्टी उचलली, हलवायची नाही असं कागदात होतं की नव्हतं ते आठवेना, तशीच आडवी धरून खिडकीशी गेले, आणि पडदा सर्रकन ओढला. धूळ उडाली. ऊन आत पडलं. आणि त्या उन्हात सीपाशी एक रेघ उमटलेली दिसली, लालबुंद, सरळ, आखलेली. क्षणभर माझ्या डोक्यात आलं, सी म्हणजे कार्मिन, माझ्या नावापाशीच आली! मग मी स्वतःला दटावलं, नीट वाच. टीपाशी बघितलं. पुन्हा बघितलं. पट्टी तिरकी केली, उन्हाला समोर धरली, डोळ्यांजवळ नेली. तिथं पांढरं होतं. धुतलेल्या गणवेशासारखं स्वच्छ पांढरं. घड्याळात पंधरा मिनिटं होऊन गेली होती, वीस व्हायची होती. एकच रेघ.

मला आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. पहिल्यांदा पाठीतली एक गाठ, जी आठ दिवस मी पाठच समजत होते, ती सुटली. मग भूक लागली. भयंकर भूक, भात कालवून चार घास खावेत अशी. ॲन्सेल्मला फोन करावा, म्हणावं, ये, सुकेळी घेऊन ये, माझं सगळं उष्टं खा. पण त्याच्या पाठोपाठ, तळातून, दुसरं काहीतरी वर आलं. मी सुटले, सॅमी नाही सुटला. माझी एक रेघ त्याच्याबद्दल काही सांगत नव्हती. तो दोन वर्षांतून एकदा घरी येणारा माणूस, मला मिळालं नसेल म्हणून त्याला नव्हतंच असं कुठं होतं? ती कॅन्टीनवाली बाई अजून मस्कतला उभी होती. हे आता कधीच कळणार नाही, असं मला वाटलं आणि उन्हात उभं राहून मी त्या पट्टीकडे बघत राहिले.

"काय बघतेस उजेडात?" फेलिशियाबाय माझ्या मागेच होती. ओठांत टाचणी. माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, ते... दिवस चुकले होते." हे मी का म्हटलं देव जाणे. सेहेचाळीसाव्या वर्षी, लग्नाच्या तोंडावर, आपल्या नणंदेला! तिनं टाचणी काढली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग हसू फुटायला लागलं, "त्या ॲन्सेल्मचं? त्या सुकेळ्याचं?" आणि हसता हसता तिनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, माझ्या हातातून पट्टी घेतली, उन्हात धरली आणि तिच्यावर छापलेली बारीक अक्षरं वाचली. हसू थांबलं. पट्टी मला परत देत ती हळूच म्हणाली, "एकच हाय ना?"

"एकच."

"मग ठीक. सॅमीची पन तशीच व्हती."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. ती पलंगाच्या कडेला बसली, कापडाचा तुकडा मांडीवर घडी करत, उलगडत. "हॉस्पिटलात. टीबी निघाला का ही तपासनी पन करतात म्हने, सगळ्यांचीच. तू सकाळची पेज करायला घरी आलेलीस, एलिसाची परीक्षा व्हती ना. एक बाई आली, तिनं त्याला बरंच विचारलं. मला बाहेर जायला सांगितलं, पन सॅमी म्हनाला, ऱ्हाऊ दे, माझी बहीन हाय. दुपारी त्या बाईनं येऊन सांगितलं, तसलं काय नाय, साधा टीबी हाय, पन उशीर झालाय."

"आणि जिभेवरचे ते चट्टे?"

"एवढी औषधं दिली त्याला, त्यानं. नर्स तुला बोलली व्हती की."

बोलली होती. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस? चार वर्षं?" माझा आवाज चढला होता. फेलिशियाबायनं घडी मांडीवर दाबली. "तोच म्हनाला. कार्मिनला सांगू नको. नाय निघालं तरी ती हाय धरूनच चालंल, तिचं डोकं तसलं. तिला झोप लागू दे, म्हनाला. मग तो गेला. मग सांगून काय करायचं? तुझ्या मनात नसंल तर मी कशाला घालू?"

तिला झोप लागू दे. मी पलंगावर तिच्या शेजारी बसले, अंगावर टाचण्या लावलेलं ब्लाऊज, आणि रडायला लागले. आठ दिवसांत रडले नव्हते. सुटले म्हणून नव्हे, किंवा तेही असेल. पण जास्त ह्यासाठी की श्वास पुरत नसताना तो माझ्या झोपेचं बघत होता, आणि मी त्याच्या कबरीवरून मान फिरवून गेले होते. हुंदक्यांत मी कसंबसं सांगितलं, "मी त्याला काय काय म्हटलं गं, ह्या आठ दिवसांत. मनात. नाही नाही ते बोलले." फेलिशियाबायनं माझ्या पाठीवर हात ठेवला, टाचण्या चुकवून. "त्याला सवय हाय तुझ्या बोलन्याची. मस्कतला असताना पैसं भरून फोनवर ऐकायचा, आता फुकट." मला रडताना हसू आलं आणि हसताना आणखी रडू आलं, आणि नाक पुसायला हात वर केला तशी ती किंचाळली, "अगं, माझं कापड!"

मुठीतलं बोट सुटलं होतं. बाहीच्या काठावर, मलई रंगावर, एक लाल ठिपका. नवंकोरं रेशीम, उद्या शेवटची शिलाई मारायची, आणि त्यावर हे! मी उठून पाणी आणायला धावले तर तिनं मला दंडाला धरून खाली बसवलं. "पानी नको, पानी लावलं का डाग पसरतो. थुंक." मी म्हटलं, "काय?" "थुंक म्हनते ना, त्याच्यावर. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते, माझी नाय चालनार." माझं तोंड रडून कोरडं पडलं होतं. मी जीभ फिरवली, काही येईना, ती म्हणाली, "चिंच आठव," आणि आम्ही दोघी हसायला लागलो, सेहेचाळिशीची नवरी आणि साठीची नणंद, एका बाहीवर वाकून, आणि हसता हसता तोंडाला पाणी सुटलं आणि मी थुंकले. फेलिशियाबायनं बाही बोटावर ताणून घेतली आणि उघड्या अंगठ्यानं तो ठिपका चोळायला लागली, हळूहळू, गोल गोल. माझा हात तिला अडवायला उठला नाही.